तळावरची सहा अक्षरे: जुन्या फुलदाणीवर विश्वास कधी ठेवावा?

#धागा #इतिहास

१/ मुंबईतील जुन्या घरांत, विशेषतः चीनशी व्यापार केलेल्या पारशी कुटुंबांत, निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाण्या आणि त्यांच्याखालच्या कोरीव लाकडी बैठका पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या असतात. घर रिकामे करण्याची वेळ आली की पहिली कृती ठरलेली असते. फुलदाणी उलटी केली जाते, तळावरच्या अक्षरांचे छायाचित्र काढले जाते आणि त्या अक्षरांवरून वय व किंमत ठरते.

२/ ही पद्धत सोयीची आहे, पण चुकीची आहे. तळावरचा शिक्का हा पुराव्याच्या क्रमात शेवटी यायला हवा. त्याला पहिले स्थान दिल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. सामान्य वस्तू अमूल्य ठरून लोक फसतात आणि शिक्का नसलेली चांगली वस्तू भंगारात जाते. हे कसे घडते, यासाठी आधी त्या शिक्क्याचा इतिहास पाहावा लागतो.

३/ चिनी पोर्सिलेनवर नेहमी आढळणारा शिक्का सहा अक्षरांचा, दोन उभ्या ओळींत लिहिलेला असतो. उजवी ओळ आधी, वरून खाली वाचायची. पहिली दोन अक्षरे घराण्याची, पुढची दोन सम्राटाच्या राजवटीची आणि शेवटची दोन ‘त्या वर्षांत निर्मिले’ या अर्थाची. थोर मिंग घराण्यातील चेंगहुआ राजवटीत घडवलेले, असा साधारण आशय. चेंगहुआ राजवटीचा काळ १४६५ ते १४८७.

४/ मग चेंगहुआचे नाव असलेली प्रत्येक फुलदाणी पंधराव्या शतकातली समजायची का? मुळीच नाही. पोर्सिलेनचे महानगर असलेल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांमध्ये छिंग घराण्यातील कांगशी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२ दरम्यान, कारागीर सर्रास दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग राजवटींची नावे तळावर लिहीत होते. श्वानदे आणि चेंगहुआ ही त्यांची विशेष आवडती नावे.

५/ याला एक प्रशासकीय कारणही होते. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर विद्यमान सम्राटाच्या राजवटीचे नाव लिहिण्यास मनाई केली. भांडे फुटले तर ते पवित्र नाव उकिरड्यावर जाईल, ही भीती. मग कारागिरांनी तळ मोकळा ठेवला, नुसती दुहेरी वर्तुळे काढली, एखादे पान रंगवले किंवा होऊन गेलेल्या सम्राटाचे नाव लिहिले.

६/ या सगळ्याला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुन्या राजवटीचे नाव लिहिणे हा बहुधा त्या काळातील उत्तम कामाला केलेला नमस्कार होता, आणि कधी केवळ रूढी. त्या काळातील गिऱ्हाइकालाही ही रीत अपरिचित नव्हती. फसवणूक सुरू होते ती पुढे, जेव्हा विकणारा ते नाव जन्मदाखला म्हणून पुढे करतो.

७/ मराठी वाचकाला हे शिवराईवरून चटकन उमगेल. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली तांब्याची शिवराई शिवछत्रपतींच्या पश्चात शंभराहून अधिक वर्षे, पेशवाईतही, पाडली जात होती. ते नाणे खोटे नव्हे. मात्र नावावरून ते महाराजांच्या हयातीतले ठरत नाही. नाणेशास्त्राचा अभ्यासक अक्षरांचे वळण, वजन आणि घडण पाहतो.

८/ पुढे गुंतागुंत वाढत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांगशीचे नाव लिहिलेल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी च्यानलोंग सम्राटाचे नाव लोकप्रिय झाले. जपानमधील आरिता येथील कारागीरही मिंग राजवटींची नावे लिहीत. पॅरिसमध्ये १८४५ साली सुरू झालेल्या सॅमसन यांच्या कारखान्याने तर जुन्या चिनी वस्तूंच्या प्रतिकृतींवरच नाव कमावले.

९/ यातून एक साधा नियम हाती येतो. भट्टीत जाण्याआधी लिहिलेला शिक्का एवढेच सांगतो की वस्तू त्या राजवटीच्या आधीची नाही. नंतरची किती, हे तो सांगू शकत नाही. शिक्का काळाची एकच बाजू बंद करतो, दुसरी बाजू मोकळीच राहते. लिलावाच्या याद्यांमध्ये जाणकार मंडळी ‘अमुक राजवटीचा शिक्का’ आणि ‘अमुक राजवटीचा शिक्का व काळ’ असा फरक करतात, तो याचसाठी. ‘व काळ’ हे दोन शब्द गाळले गेले असतील तर खरेदीदाराने तिथेच थबकावे.

१०/ कोणी विचारील, अक्षरांवर कधीच विश्वास ठेवायचा नाही का? ठेवायचा, पण कधी आणि का, हे जगातील सर्वांत प्रसिद्ध लेखांकित फुलदाण्यांच्या जोडीवरून शिकता येते. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या या जोडीला ‘डेव्हिड फुलदाण्या’ म्हणतात. दोन फुटांहून थोड्या उंच, अंगावर ढगांतून झेपावणारे निळे ड्रॅगन, मानेवर फिनिक्स पक्षी आणि दोन बाजूंना हत्तीच्या मुखाचे कान. त्या कानांत एकेकाळी कड्या होत्या. आज त्या नाहीत.

११/ या फुलदाण्यांवरचा लेख तळावर नाही. तो मानेवर, केळीच्या पानांच्या नक्षीमध्ये, त्याच निळ्या रंगात लिहिलेला आहे. युशान परगण्यातील झांग वेनजिन नावाच्या भाविकाने एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी देवळाला अर्पण केली. घरच्यांचे रक्षण व्हावे, मुलाबाळांना सुख लाभावे, ही प्रार्थना. काळ दिला आहे युआन घराण्यातील झिझेंग राजवटीचे अकरावे वर्ष, चौथा महिना. म्हणजे इसवी सन १३५१.

१२/ ज्या संग्राहकाच्या नावाने ही जोडी ओळखली जाते, ते सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ मध्ये मुंबईत जन्मले. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे मुंबईतील बगदादी ज्यू समाजातील मोठे व्यापारी आणि १९०६ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. चिनी पोर्सिलेनचा चीनबाहेरील एक सर्वश्रेष्ठ खासगी संग्रह मुंबईच्या एका सुपुत्राने जमवला, हे मुंबईत फार थोड्यांना ठाऊक आहे.

१३/ त्यांना ही जोडी एकत्र मिळाली नाही. एक फुलदाणी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडून आली, दुसरी चार्ल्स रसेल यांच्या संग्रहाच्या १९३५ मधील लिलावात. इथे मराठी वाचक चमकेल, कारण हे नाव पेशवाई बुडाल्यानंतरच्या मुंबईच्या गव्हर्नराचे. पण ते गव्हर्नर एल्फिन्स्टन १८५९ मध्ये वारले. फुलदाणीचे मालक विसाव्या शतकातील, त्याच नावाचे दुसरे गृहस्थ. नाव वाचून घाईने निष्कर्ष काढण्याचा धोका इथेही आहेच.

१४/ १९२९ साली ब्रिटिश म्युझियमचे आर. एल. हॉब्सन यांनी या लेखांकित जोडीविषयी लिहिले, तेव्हा अभ्यासकांपुढे कोडे उभे राहिले. इतके सफाईदार निळे-पांढरे काम मिंग घराण्याच्या आधी होत असेल, यावर त्या काळी फारसा विश्वास नव्हता. लेख स्पष्ट होता, वर्ष स्पष्ट होते, तरी केवळ तेवढ्यावरून चौदाव्या शतकाचे चित्र बदलले नाही. एकटी साक्ष कितीही ठाम असली तरी तिला दुजोरा लागतो.

१५/ तो दुजोरा मिळाला दोन दूरच्या ठिकाणांहून. वॉशिंग्टनच्या फ्रीर गॅलरीतील जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबीलच्या दर्ग्यातील चिनी भांडी बारकाईने तपासली. अर्दबीलचा संग्रह १६११ मध्ये शाह अब्बासने अर्पण केलेला, हजारांहून अधिक नगांचा. १९५२ आणि १९५६ मध्ये त्यांचे ग्रंथ आले. डेव्हिड जोडीवरील पाने, लाटा, कमळे आणि ढग यांची घडण या भांड्यांशी जुळवून पाहता चौदाव्या शतकातील कामाचा एक पूर्ण गट ओळखता आला.

१६/ या लेखावर विश्वास बसण्याची आणखी दोन कारणे आहेत. अक्षरे झिलईच्या खाली आहेत, म्हणजे भांडे भाजण्याआधी लिहिलेली. नंतर घुसडता येणार नाहीत अशी. आणि आशय पाहावा. बनावट करणारा सम्राटाचे नाव लिहितो, कारण गिऱ्हाइकाला ते हवे असते. इथे आहे एका सामान्य माणसाचे नाव, गावाचा ठावठिकाणा आणि लेकरांसाठी मागितलेले मागणे. बाजाराला यातले काहीच नको होते.

१७/ बाजाराला काय हवे असते, हेही काळागणिक बदलते. १३८८ मध्ये, म्हणजे या फुलदाण्यांनंतर अवघ्या ३७ वर्षांनी, त्साओ झाओ या चिनी जाणकाराने पुराणवस्तूंच्या पारखीवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने निळ्या आणि बहुरंगी नक्षीच्या पोर्सिलेनला अगदी ग्राम्य ठरवले. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पर्सिव्हल डेव्हिड यांनीच केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये प्रकाशित झाले. आज कोट्यवधींना विकले जाणारे काम एकेकाळच्या रसिकाला हलके वाटत होते.

१८/ मग फुलदाणी हाती आल्यावर पाहायचे काय? आधी तळाचे कडे. तिथे झिलई नसते, म्हणून माती उघडी दिसते. तिचा रंग, पोत, कडे कसे कापले आहे, भट्टीतली वाळू चिकटली आहे का, हे सारे तिथे वाचता येते. झीज असेल तर ती टेकणाऱ्या भागावर असायला हवी. जिथे बोट पोहोचत नाही अशा खाचेतही सारखाच तपकिरी मळ असेल, तर तो बहुधा लावलेला असतो.

१९/ नंतर आतून हात फिरवावा. मोठी चिनी फुलदाणी सहसा दोन-तीन भाग वेगळे घडवून जोडलेली असते. आत जोडाची आडवी कडा बोटांना जाणवते. पातळ माती साच्यात ओतून केलेली अर्वाचीन वस्तू आतून एकसारखी गुळगुळीत लागते. मग भिंग घ्यावे. कुंचल्याच्या फटकाऱ्यात रंग कुठे दाट, कुठे विरळ असतो. छापील नक्षीत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते.

२०/ रंगही काळ सांगतात. चिनी पोर्सिलेनवरचा सोन्यापासून मिळणारा गुलाबी रंग १७२० च्या सुमारास वापरात आला. म्हणून मिंग राजवटीचे नाव आणि सोबत गुलाबी फुले, असे दिसले तर त्या नावाचा आणि वस्तूच्या जन्माचा संबंध तिथेच संपतो. तळावर इंग्रजीत देशाचे नाव असेल तर ते १८९१ पासून अमलात आलेल्या अमेरिकी जकात नियमाचे फळ असण्याचा संभव मोठा. जपानी मालावरचा ‘निप्पॉन’ हा शब्द अमेरिकेने १९२१ नंतर स्वीकारला नाही. मात्र असा शब्द नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. मुंबईत उतरणाऱ्या मालाला तो नियम लागू नव्हता.

२१/ आता बैठकीकडे वळू या. देवघरातला शंख अडणीवर ठेवतात. अडणी नसेल तर तो अडखळतो, कलंडतो आणि त्याचा मानही राहत नाही. चिनी दिवाणखान्यात फुलदाणीखालच्या कोरीव लाकडी बैठकीचे स्थान असेच आहे. ती वस्तूच्या तळाच्या मापाने, खास त्या वस्तूसाठी घडवलेली असे. वस्तूला बैठक देणे म्हणजे ती रोजच्या वापरातून काढून जतन करण्याजोगी ठरवणे.

२२/ याचा सुंदर पुरावा पर्सिव्हल डेव्हिड यांच्याच संग्रहात आहे. १७२८ मध्ये योंगझेंग सम्राटाच्या दरबारात तयार झालेला हा वीस मीटरच्या आसपास लांबीचा चित्रपट. त्यावर राजसंग्रहातील दोनशेहून अधिक वस्तू एकेक करून रंगवल्या आहेत आणि त्यांतील अनेकींच्या बैठका तितक्याच काळजीने चितारल्या आहेत. याच मालिकेतील १७२९ चा दुसरा पट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. दरबाराने बैठकीला वस्तूच्या नोंदीचा भाग मानले होते.

२३/ बैठकीची साक्षही तपासूनच घ्यावी लागते. ती फुलदाणीहून बरीच नंतरची असू शकते किंवा दुसऱ्याच भांड्याची असू शकते. तळाचे कडे खाचेत नीट बसते का, लाकडावर त्या कड्याचा वर्षानुवर्षांचा ठसा उमटला आहे का, हे पाहावे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडावर दाट कोरीव कामाचे फर्निचर मोठ्या प्रमाणावर होत असे. म्हणून प्रत्येक काळी कोरीव बैठक चीनचीच, असे गृहीत धरू नये. चिनी फुलदाणीखाली मुंबईच्या सुताराची बैठक निघाली, तर वस्तूची किंमत घटत नाही. त्या घराचा इतिहास वाढतो.

२४/ आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत आधी फेकली जाते. बैठक वाळवी लागली म्हणून टाकतात. विजेचे दिवे आल्यावर अनेक फुलदाण्यांच्या तळाला भोक पाडून त्यांचे दिवे केले गेले. खोक्यावरची चिठ्ठी, दुकानाची पावती, बोटीने आलेल्या सामानाची यादी, आजीने सांगितलेली हकिकत, यांना कोणी विचारत नाही. शिक्का मात्र जपला जातो. म्हणजे ज्या गोष्टीची नक्कल सर्वांत सोपी ती राहते आणि जिची नक्कल जवळजवळ अशक्य ती नष्ट होते.

२५/ यावर एक रास्त आक्षेप आहे. सामान्य कुटुंबाला जाणकार गाठणे अवघड, प्रयोगशाळा महाग. निदान शिक्का तरी कुणालाही वाचता येतो, मग त्याचा आधार का घेऊ नये? जरूर घ्यावा, पण प्रश्न म्हणून. ‘या नावाशी माती, रंग आणि घडण जुळतात का?’ हे विचारायला पैसे लागत नाहीत. घरातली हकिकत लिहून ठेवायलाही लागत नाहीत. आणि तेच काम बाहेरचा कोणताही तज्ज्ञ करू शकत नाही.

२६/ मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करताना राजवाड्यांच्या पिढीने हाच आग्रह धरला होता. पत्रावर शिक्का आहे एवढ्यावर न थांबता कागद, अक्षर, मिती, मजकूर आणि ते कोणत्या दप्तरात सापडले, हे सारे पाहायचे. अस्सल पत्रसुद्धा दप्तरातून सुटे झाले की अर्धे मुके होते. दिवाणखान्यातील फुलदाणीला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

२७/ म्हणून घर रिकामे करण्यापूर्वी निदान एवढे व्हावे. फुलदाणी जिथे होती तिथेच, बैठकीसह, छायाचित्र काढावे. तळ, तोंड, आतली बाजू आणि बैठकीची खालची बाजू यांची वेगळी छायाचित्रे घ्यावीत. उंची व वजन लिहावे. ती कुणी, कुठून, केव्हा आणली याविषयी घरातील ज्येष्ठांना विचारून, सांगणाऱ्याच्या नावासह नोंद करावी. ब्रासोने किंवा आम्लाने काहीही घासू नये.

२८/ कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकारागिरीची वस्तू पुराणवस्तूच्या व्याख्येत येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे आजोबांची फुलदाणी सामानातून पाठवण्याआधी हे तपासावे. अशा वेळी घरातील लेखी नोंद कामी येते.

२९/ डोळा तयार करायचा असेल तर मुंबईकराला लांब जावे लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी वस्तू आहेत. तळ दिसत नाही, म्हणून शिक्का वाचता येत नाही, हा तिथला मोठा फायदा. आकार, झिलई आणि रेषा यांच्याकडेच पाहावे लागते.

३०/ पर्सिव्हल डेव्हिड यांनी आपला संग्रह १९५० मध्ये लंडन विद्यापीठाला अभ्यासासाठी दिला. २००९ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये मांडला आहे. त्या सुमारे १७०० वस्तू तिथे कायमच्या देत असल्याचे विश्वस्तांनी २०२४ मध्ये जाहीर केले. झांग वेनजिनने अर्पण केलेले धूपपात्र मात्र अजून सापडलेले नाही. ते कुठल्या तरी घरात, बैठकीवाचून, तळावर काहीच नाही म्हणून दुर्लक्षित राहिलेले असू शकते.

(समाप्त)